पाट्याचं वजन

माझ्या घरात आलेल्या प्रत्येक दगडाला नंबर आहे. कुठे सापडला, कोणत्या तारखेला, वजन किती, सगळं एका लांबट रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे. लग्नानंतर तारामतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते रजिस्टर पहिल्यांदा उघडलं तेव्हा हसून विचारलं होतं, "अन् मला कितवा नंबर दिला?" मी तेव्हा नांदेडच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होतो आणि असल्या चेष्टेची मला सवय होती. दगडांच्या माणसाला लोक थोडं वेडं समजतातच.

पुढे त्या विषयाला सलग तीन वर्षं मुलं मिळाली नाहीत. दगड शिकून कोण डॉक्टर होतो? विभाग बंद झाला. एकावन्नाव्या वर्षी, २०१५च्या जूनमध्ये, मी लातूरला एका क्लासमध्ये निरिंद्रिय रसायन शिकवायला आलो. एका हॉलमध्ये दोनशे चाळीस मुलं आणि माझ्या कॉलरला माईक. आम्ही क्लासेसच्या भागातच तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. खाली, वर, समोर, सगळीकडे होस्टेलं. सकाळी सहाला गल्ली पोरींनी भरून जायची. तारा त्यांतल्या सहा जणींना डबे द्यायची. दुसऱ्यांच्या लेकींना जेवू घालताना तिचा चेहरा निवायचा, ते मला बघवतही नसे आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.

बिऱ्हाड उतरवताना हमालानं आमचा पाटा एका हातानं उचलला, खांद्यावर टाकला आणि तीन जिने चढून आला.

"लई हलका हाय सर," तो म्हणाला. "आतून पोकळ हाय का काय?"

मी हसलो. मग हसू थांबलं. कारण हाच पाटा मी १९९३ साली पोत्यात घालून एसटीनं नांदेडला आणला होता आणि अहमदपूरच्या स्टँडवर गाडी बदलताना माझी कंबर धरली होती.

रजिस्टर काढलं. १८ ऑक्टोबर १९९३. पाटा, काळा पाषाण, कोपऱ्यात बदामाच्या आकाराची पोकळी, आत हिरवट थर. वजन एकवीस किलो तीनशे ग्रॅम. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर तो सोळा किलो दोनशे भरला. रद्दीवाल्याचा काटा म्हटल्यावर माणूस काय म्हणणार? मी क्लासच्या लॅबमधला काटा आणला. सोळा किलो दोनशे.

पाच किलो दगड कुठे गेला, हे मला कळेना. त्या पाट्यावर बावीस वर्षांत चिमूटभर मीठसुद्धा वाटलं गेलं नव्हतं. त्याला वरवंटाच नव्हता.

इथे मागचं थोडं सांगायला हवं. तारा मूळची किल्लारीकडची. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात ती बाळंतपणाला माहेरी होती. आम्हाला मुलगी झाली. गिरिजा. नाव मीच पोस्टकार्डावर कळवलं होतं. बारसं अनंत चतुर्दशीला आलं आणि मला त्याच दिवशी कॉलेजच्या गणपतीच्या मिरवणुकीची ड्यूटी होती. म्हटलं, रविवारी जाऊ. सकाळी उजाडायच्या आत भूकंप झाला. सासूबाई, सिद्धम्मा, भिंतीखाली गेल्या. गिरिजा सापडली नाही. तारा तेवढी पटांगणात बसलेली होती, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. त्या घरातून धड असं काही निघालं असेल तर हा पाटा.

बारा दिवसांची होती गिरिजा. मी तिला पाहिलं नाही. हे वाक्य मी तेवीस वर्षं मनात म्हणत आलोय आणि अजून ते गुळगुळीत झालेलं नाही. नंतर आम्हाला मूल झालं नाही.

नांदेडला असताना एकदा मी म्हणालो होतो, "पाट्याला नवा वरवंटा आणू का?" ताराच्या माहेरी पाट्याला आई म्हणायचे आणि वरवंट्याला लेकरू. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "दुसऱ्याचं लेकरू तिच्या अंगावर घालू नका." पाटा भिंतीला टेकून उभा राहिला तो राहिलाच. चटणी मिक्सरमध्ये.

पुढचा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या गल्लीत आठ दिवसांतून एकदा टँकर. भांडी राखेनं घासायची, तोंड वाटीभर पाण्यात धुवायचं. एप्रिलमधल्या एका दुपारी मी जेवायला घरी आलो तर स्वयंपाकघराच्या फरशीवर ओल दिसली. पाट्याखाली.

पाटा ओला होता. मधल्या खोलगट भागातून पाणी पाझरत होतं आणि ते पाणी पांढरट होतं. हाताला किंचित कोमट लागलं. उन्हाळ्यात दगड कोमट लागणारच.

मी ताराला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली, बघितलं आणि पदरानं पाटा पुसून घेतला. भांड्याच्या फडक्यानं नाही, पदरानं.

"कधीपासून होतंय हे?" मी विचारलं.

"दुपारी होतंय," ती म्हणाली. "तुमी क्लासला असता तवा."

मी शास्त्राचा माणूस. काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, दगड थिजतो आणि बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात. निसर्ग त्या पोकळ्या रिकाम्या ठेवत नाही. पाणी झिरपत राहतं, सोबत विरघळलेलं काहीबाही आणतं आणि लाखो वर्षांत आत स्फटिक धरतात, पांढरे, हिरवट, कधी गुलाबी. तसाच थोडा चुना या पाट्यातून सुटत असणार. मी पांढऱ्या थेंबावर सौम्य आम्ल टाकलं. फसफसलं. चुनाच होता. मला बरं वाटलं. पण चुना सुटायला पाणी लागतं आणि त्या महिन्यात अख्ख्या जिल्ह्यात पाणी नव्हतं; मग हे कुठून आलं, ते मी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही.

त्यानंतर मी दर रविवारी पाटा तोलायला लागलो. एप्रिलअखेर तो बरोबर सोळा किलोवर आला. खाली भुकटी पडलेली नसे, कणसुद्धा नाही. मी रात्रीतून खाली कागद अंथरून बघितला. कोरा.

मेच्या पहिल्या आठवड्यात गल्लीत हाळी आली, "टाकीऽऽ लावायची का, पाट्याला टाकीऽऽ!" मिक्सरच्या दिवसांत ही हाळी म्हणजे नवलच. मी गॅलरीतून हाक मारली. मलप्पा वर आला. साठीचा वडार, हातात छिन्नी-हातोडीची पिशवी, भुवयांवर दगडाची पूड बसलेली. वापरून गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाचे मारून खडबडीत करायचं त्याचं काम. त्यानं पाटा आडवा केला, तळहात फिरवला आणि छिन्नी काढलीच नाही.

"ह्याला कशाला टाकी लावता सर? ह्यो चालता पाटा हाय."

"चालता म्हणजे?"

"रोजच्या वापरातला. ही झीज बगा. कालची हाय ही." त्यानं बोट मला दाखवलं. बोटाला ओलसर पांढरं लागलं होतं. "वरवंटा कुटं हाय?"

"नाही वरवंटा. भूकंपात गेला."

मलप्पानं पाट्यावरचा हात काढून घेतला. "सर, मी चाळीस वर्षं हे काम करून ऱ्हायलो. वरवंटा नसंल तर पाटा झिजत न्हाई. तुमचा वरवंटा गेला नसंल. कुटं तरी ठिवलाय कुनी."

आत ताट पडल्याचा आवाज आला. तारा भिंतीला धरून उभी होती.

मलप्पाला चहा दिला. तो कप हातात धरून खाली बघत बसला आणि त्याच्यासमोरच, तेवीस वर्षांत पहिल्यांदा, तारानं मला ती पहाट सांगितली.

"बारशाला आदी वरवंटा निजवत्यात पाळण्यात," ती म्हणाली. "तेल लावून, कुंची घालून. मंग लेकरू. आन् पाळणा मोकळा ठिवत न्हाईत. रातीला आईनं गिरिजाला आपल्या कुशीत घेतलं, मी दमले होते म्हून. पाळण्यात पुन्हा वरवंटा ठिवला, कुंची घालून. मला सांगितलं होतं तिनं. झोपेत ध्यान ऱ्हायलं न्हाई."

मलप्पानं कप खाली ठेवला.

"भुई हालायला लागली. अंधार. मी पाळण्यात हात घातला, कुंचीसकट उचललं, छातीला धरलं आन् पळाले. माझ्या मागं घर बसलं. पटांगणात आले तवा हाताला गार लागलं."



"दगड वाचवला मी, अहो," तारा म्हणाली. "दगड."

आणि मग तिनं उरलेलं सांगितलं. गिरिजा सापडत नाही असं कळल्यावर, मी पोचायच्या आधी, तिनं तो वरवंटा कुंचीसकट मागच्या चिंचेखाली पुरला. आमच्यात लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पुरायला लेकरू नव्हतं, म्हणून तो.

मला तिचा राग यायला हवा होता का? आला नाही. मला स्वतःची आठवण झाली, गणपतीच्या ट्रकच्या मागे बिल्ला लावून पोरांना रांगेत चालवणारा मी. रविवारी जाऊ म्हणणारा मी.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मलप्पा पहार घेऊन आपणहून आला, मजुरीचं बोलला नाही. जुनं गाव सोडून लोक केव्हाच नव्या वसाहतीत गेले आहेत. तिथं आता बाभळी आणि गुडघाभर जोती. चिंच तेवढी जागेवर होती. ऊन डोक्यावर, वारा बंद, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. काळी माती म्हणजे तरी काय, कुजलेला काळा पाषाणच. दगडाचा मुरूम होतो, मुरुमाची माती होते. दगडाचा प्रवास तेवढाच आणि त्याच दिशेनं, असं मी पंचवीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो.

तारानं पावलं मोजून जागा दाखवली. मलप्पानं हातभर उकरलं आणि पहार बाजूला ठेवून हातानं माती सारायला लागला.

"केवढा व्हता म्हनला वैनी?"

"वीतभर. वीत आन् चार बोटं."

मलप्पा उकरत राहिला. वरवंट्याचं एक टोक मिळालं होतं, दुसरं मिळत नव्हतं. मिळालं तेव्हा त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

तो दोन विती भरला. वर चार बोटं.

आमच्या पाट्याची रुंदी दीड वीत आहे. हा वरवंटा त्या पाट्यावर कधी फिरलाच नसता. मी मनात म्हणालो, दुसऱ्याच कुणाचा तरी असेल. मग त्याच्या टोकाशी आमच्या पाट्यावर होती तशीच बदामासारखी पोकळी दिसली, आत हिरवट थर. कुंचीची चार जरीची सुतं तेवढी मातीत राहिली होती. ताराला ती ओळखू आली.

घरी आणून मी त्याला काट्यावर ठेवलं. सात किलो नऊशे. पाट्यातून गेलेले पाच किलो तीनशे वजा केले तर दोन किलो सहाशे उरतात. मलप्पाला विचारलं, वीत-चार बोटांच्या वरवंट्याचं वजन किती असतं? "असंल की अडीच-पावणेतीन किलो," तो म्हणाला.

दगड वाढत नाही. तो झिजतो, फुटतो, विरघळतो. वाढतात त्याच्या पोकळीतले स्फटिक, आणि त्यांनाही आपल्या सगळ्या पिढ्या पुरत नाहीत. मी ही वाक्यं त्या संध्याकाळी रजिस्टरात लिहिली. खाली सही केली आणि तारीख घातली. का, ते सांगता येणार नाही.

जाताना मलप्पा जिन्यात थांबला. "सर, एक सांगू? लई दिवस ठिवू नका. त्याचं आता नुसत्या पाट्यावर भागनार न्हाई."

पाटा त्या दिवसापासून कोरडा झाला. सोळा किलोच्या खाली एक ग्रॅम उतरला नाही. मला हायसं वाटलं.

तारानं स्वयंपाकघराच्या कडीला जुन्या इरकलीची झोळी बांधली. नवी कुंची शिवली, खणाची, लाल काठाची. दुपारी डबे झाले की ती झोळीची दोरी हातात घेऊन बसायची. मी तिला इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. ती कन्नडमध्ये काहीतरी गुणगुणायची, सिद्धम्मांचं असावं. डबे न्यायला आलेल्या पोरी दारात चपला काढताना आपोआप हळू बोलायच्या. त्यांतली रेणापूरची एक मला जिन्यात म्हणाली, "सर, काकूंकडं बाळ आलंय का? आमच्या रूमवरची लुबना म्हणत होती, रडायचा आवाज येतो."

"नाही," मी म्हणालो. "टीव्ही असेल."

आमच्याकडे टीव्ही नाही.

जूनमध्ये पाऊस झाला. गल्ली धुऊन निघाली, टँकर बंद झाले. तारानं दुसरी कुंची शिवायला घेतली.

"एक आहे की," मी म्हणालो.

"ती बसंना आता."

मी काटा काढला. अकरा किलो चारशे.

पाटा सोळावरच होता. मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिलो. मग ताराकडे बघितलं. बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. गळ्याची हाडं दिसत होती. मेमध्ये दवाखान्यात तिचं रक्तदाबाचं कार्ड केलं होतं, त्यावर वजन लिहिलेलं होतं, बावन्न किलो. मी तिला काट्यावर उभं केलं. ती हसत उभी राहिली.

"आता दिला का नंबर?" ती म्हणाली.

साडेअठ्ठेचाळीस. मी वजाबाकी दोनदा केली. साडेतीन आणि साडेतीन.

तिच्या चोळीवर डाव्या बाजूला ओला, पांढरट डाग होता. ती पंचेचाळीस वर्षांची आहे. त्या डागावर आम्लाचा थेंब टाकून बघायची हिंमत मला झाली नाही.

रजिस्टरात मी तिसरा रकाना आखला. तिथे ताराचं नाव लिहिलं.

मी तिला समजावलं. ओरडलो, मग रडलो. तुला गमवायचं नाही मला, म्हणालो. ती ऐकून घेत होती, एक हात झोळीच्या दोरीवर. शेवटी म्हणाली, "न्या. तुमाला वाटतंय तर न्या. मी एकदा सोडलंय तिला, पुन्हा सोडंन. पर तुमी एकदा घ्या तिला. तुमी घेतलंच न्हाई कधी."

रविवारी सकाळी मलप्पा यायचा होता. तो वरवंटा परत चिंचेखाली ठेवायचा ठरला होता. तारा मुद्दाम अंघोळीला गेली. मी पोतं अंथरलं आणि झोळीत हात घातला.

मला वजन माहीत होतं. अकरा चारशे, म्हणजे आता साडेअकरा धरू. मी त्या बेतानं कंबर वाकवली आणि उचललं.

ते जड नव्हतं.

म्हणजे वजन होतं, पण ते दगडासारखं हातांत पडलं नाही. ते माझ्या अंगावर रेललं. खांद्याशी टेकलं. कुंचीच्या काठाशी माझ्या मानेला ऊब लागली.

मी उभा राहिलो. मग बसलो. पोतं पायानं सरकवलं.

बाहेर मलप्पाची हाक आली. एकदा, दोनदा. मी उठलो नाही. थोड्या वेळानं त्याची पावलं जिना उतरून गेली. न्हाणीत पाण्याचा आवाज थांबला होता. तारा दाराआड उभी होती आणि आत येत नव्हती.

रविवारी जाऊ, असं मी म्हणालो होतो. रविवारच होता.

त्यानंतर आम्ही आलटून-पालटून घेतो. सकाळी ती, क्लासहून आल्यावर मी. ताराचं वजन आता इतक्या वेगानं उतरत नाही. तिच्या हातांत थोडं बळ आलंय.

काल रजिस्टरचं पान उलटलं आणि चौथा रकाना आखला. त्यात माझं आजचं वजन लिहिलं. अठ्ठावन्न किलो दोनशे.